अँटेना आमच्या वाटणीला

वाटणीत मला दार आलं नाही.

घर तीन खोल्यांचं, एकामागं एक. पुढच्या खोलीचं दार गल्लीत उघडायचं. दोन्ही बाजूंना शेजाऱ्यांच्या भिंती आणि मागं एका विधवा बाईचं अंगण, त्यात तिच्या शेळ्या. सासरा वारला आणि दोघा भावांचं एका चुलीवर पटेना, म्हणून गावातले पंच बसवले. त्यांनी मधल्या खोलीत कुडाची भिंत घालायला सांगितली, घराचे दोन भाग केले आणि चिठ्ठ्या टाकल्या. पुढचा भाग धाकट्या दिराला निघाला, मागचा आम्हाला. कुडाच्या भिंतीत ये-जा करायला एक दार ठेवलं आणि कागदावर लिहिलं: थोरल्यानं मागची भिंत फोडून आपलं दार काढून घ्यावं, तोवर धाकट्यानं आपल्या घरातून वाट द्यावी, आणि मागचं दार झालं की मधलं दार बुजवावं.

तेव्हा हिंगोली परभणी जिल्ह्यातच होती. आमचं गाव सेनगावच्या बाजूला. नवरा बाजारात हमाली करायचा, पोती वाहून त्याची मान एका अंगाला कलली होती. दीर काळीपिवळी जीप चालवायचा, गोरेगाव ते सेनगाव. जीप त्याची नव्हती, पण बोलणं मालकाचं होतं.

वाटणीचा एक नियम पंचांनी सुरुवातीलाच सांगितला होता. जे भिंतीला नाहीतर छपराला ठोकलेलं आहे ते हलवायचं नाही, ज्याच्या भागात येईल ते त्याचं. पुढच्या खोलीच्या भिंतीत देवांचा कोनाडा होता. खरं तर देव थोरल्याकडे असतात, पण कोनाडा भिंतीत, म्हणून देव धाकट्याकडं गेले. हलवता येणाऱ्या वस्तूंचे दोन ढीग लावले. एका ढिगात सासऱ्यानं घेतलेला काळापांढरा टीव्ही, दुसऱ्यात तांब्याचा हंडा आणि ज्वारीची कोठी. टीव्ही दिराला निघाला. त्याची बायको, म्हणजे माझी जाऊ, लगेच त्यावर फडकं टाकून आली. मग एका पंचानं वर बघितलं आणि विचारलं, “अन् हे काय?”

टीव्हीची अँटेना आमच्या स्वयंपाकघराच्या पत्र्यावर होती, लोखंडी पाइपाला बांधलेली, पाइप आढ्याला ठोकलेला.

“ते टीव्हीसंगं जाईल,” दीर म्हणाला.

“ठोकलेलं हाय,” पंच म्हणाला. “कोनाडा तुला दिला ना ठोकलेला म्हणून? मंग हे थोरल्याचं. नियम म्हंजे नियम.”

त्या पंचाच्या घरी टीव्ही नव्हता.

शेवटी सासूला विचारलं, तुला कुणाकडं राहायचं. ती म्हणाली, “टीव्ही जिकडं तिकडं.” सगळे हसले. जाऊ हसली नाही. पंचांनी म्हातारी थोरल्याला दिली. ती जेवायची माझ्याकडं आणि बसायची तिकडं.

आता मला दार कशाला पाहिजे होतं ते सांगते. सरळ सांगते, मला आडून बोलता येत नाही. गावात तेव्हा संडास नव्हते. पहाटे बायका लोटा घेऊन ओढ्याकडं जायच्या. मला जायचं तर दिराच्या अंथरुणावरून ओलांडून जावं लागायचं, आणि तो कधी शुद्धीत झोपलेला नसायचा. तेवढं मी सोसलं असतं. पण आमच्यात बाईनं महिन्यातले चार दिवस देवाच्या खोलीत पाऊल टाकायचं नसतं. देव पुढच्या खोलीत. म्हणजे चार दिवस मी कोंडलेली. जे करायचं ते मोरीत, आणि बादली नवरा घेऊन जायचा, तोंड वाकडं करून. देव बघत असेल नसेल, जाऊ बघायची. कुठल्या तारखेला कोण बाजूला बसलं हे तिला माझ्याआधी माहीत असायचं.

मग माझी पोरगी शहाणी झाली. सहावीची उन्हाळ्याची सुट्टी चालू होती. जूनमध्ये ती सातवीत गेली आणि पहिल्याच महिन्यात चार दिवस घरात बसली. पुढच्या महिन्यात परत चार. गुरुजींनी भर वर्गात विचारलं, “तुमच्याकडं दर महिन्याला कोणता पाहुणा येतो गं?” पोरगी घरी येऊन रडली नाही. दप्तर कोठीमागं टाकलं आणि म्हणाली, “माय, मी न्हाई जात आता.”

मी चौथी शिकले. पाचवी दुसऱ्या गावाला होती, म्हणून बापानं काढून घेतलं. हिची शाळा गावात होती, चालत पाच मिनिटं, आणि ही जाऊ शकत नव्हती कारण आम्हाला दार नव्हतं. मी दप्तर परत तिच्या हातात दिलं. सातवी पास झाली तर सेनगावला मामाकडं राहून पुढं शिकेल, हे मी मनात धरलं होतं. त्यासाठी मार्चच्या परीक्षेआधी भिंत फुटायला पाहिजे होती.

नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, “बघू.” हा माणूस शंभर किलोचं पोतं उचलायचा, पण घरात त्याच्या तोंडून दोन अक्षरं निघायची.

मागं दार काढलं तर ते विधवेच्या अंगणात उघडणार. तिथून तीन हात वाट मिळाली की आम्ही मागच्या गल्लीला लागलो. तिनं हो म्हणायला पाहिजे होतं. तिच्याशी माझं बोलणं मोरीच्या भोकातून व्हायचं. भांडी घासायला बसले की पाणी तिच्याकडं जायचं, आणि ती पलीकडून ओरडायची, “साबण कमी वापर, शेळ्या पितेत!” एके दिवशी मी वाकून भोकाला तोंड लावलं आणि वाटेचं विचारलं. 

मग ती म्हणाली, “तुझ्या सासूला पाठव. तिनं मागावं.”

“काहून, मावशी? मी मागून राहिले ना.”

“तू तवा नव्हतीस. माझा नवरा मेला त्या वर्सी तुझ्या नणंदेचं लगीन होतं. मी पुढच्या दारानं आले तर तुझी सासू म्हणली, असल्या येळंला पुढून येऊ नको, मागून ये. मागं दार होतं का गं? होतं का? भिंतीला हात लावून परत गेले मी. आता मागून दार पायजे म्हणते. तिला पाठव.”

सासूला सांगितलं. ती म्हणाली, “मी त्या शेळीवालीच्या दारात जाऊ? मेले तरी न्हाई.” मला वाटलं, म्हातारीचा ताठा आहे, उतरेल. दिवाळी झाली, संक्रांत झाली, उतरला नाही.

दर गुरुवारी संध्याकाळी एक मालिका लागायची. तिचं नाव लिहीत नाही. एका खोलीत राहणारं कामगाराचं घर. बाप नोकरी सुटल्यापासून बाजेवर पडलेला. आई तोंडाची फटकळ. थोरला मुलगा थापाड्या, कामावर जातो सांगून देवळात झोपायचा. धाकटा आईच्या डब्यातलं चोरून खायचा. आणि सून. ती सून दर गुरुवारी चिडायची, ट्रंक भरायची, “निघाले मी” म्हणून उंबऱ्यापर्यंत यायची. तेवढ्यात मागं दूध उतू जायचं, नाहीतर सासरा बाजेवरून पडायचा, नाहीतर कुणी पाहुणा दारात उभा राहायचा. ती ट्रंक खाली ठेवायची आणि मागं वळायची. मग बाजा वाजायचा आणि भाग संपायचा.

आमच्या पुढच्या खोलीत गल्ली गोळा व्हायची. सासू सगळ्यात पुढं, पायाची घडी घालून. सूनबाईनं ट्रंक काढली की जाऊ हसून सांगायची, “निघाली बघा परत!” दीर म्हणायचा, “जातेय कुठं! दूध ठेवलंय गॅसवर, मला दिसलं.” मग दूध उतू गेलं की त्याला आपणच मालिका लिहिल्यासारखं वाटायचं.

एका भागात त्या घरातल्या आईनं सुनेला माठातलं पाणी घेऊ दिलं नाही. जाऊ म्हणाली, “कसले लोक हायेत बाई! एका घरात राहून एकमेकाला पाणी देत न्हाईत.” आदल्याच दिवशी तिनं माझ्या पोरीला सांगितलं होतं, तुमचा हंडा तुमच्याकडं, आमच्या माठाला हात लावायचा नाही. ती हे विसरली नव्हती. टीव्हीतल्यांचं आणि आपलं काही नातं आहे असं तिला वाटतच नव्हतं. कुणालाच वाटत नव्हतं.

मीही बघायची. खोटं कशाला बोलू. चार दिवस असले की मधल्या दाराच्या अलीकडून नुसतं ऐकायची. सासू मागं वळून म्हणायची, “बघ, तुझ्यासारखीच हाय, नुसती फणफण.” सगळे हसायचे. मी मनात म्हणायची, तिला निदान उंबरा आहे.

फेब्रुवारीत गुरुजींनी परीक्षेचं वेळापत्रक फळ्यावर लिहिलं. पोरीनं उतरवून आणलं. मी बोटावर मोजलं, मग परत मोजलं. पहिले तीन पेपर बरोबर त्या दिवसांत येत होते. पोरगी म्हणाली, “मोजू नको माय, मी मोजलंय.”

त्याच आठवड्यात मला म्हातारीच्या ताठ्याचं खरं कारण कळलं. दुपारी कुडाला टेकून तांदूळ निवडत होते. कुडातून सगळं ऐकू येतं. पलीकडं सासू जावेला सांगत होती, “दार निघालं की पंच मधलं दार बुजवतील. कागदावर हाय तसं. मंग मी गुरुवारी कुठून यू? मागून गल्लीला वळसा घालून? अंधारात? माझे गुडघे बघ.”

जाऊ म्हणाली, “अन् मधलं बुजवलं तर ते वायर तरी ठेवतेल का आपली? मला बी हेच भ्या हाय. राहू द्या आत्याबाई, कशाला जाता तिच्याकडं.”

“न्हाईच जात.”

मी तांदूळ तसेच ठेवले. तिकडं विधवेचा अपमान, इकडं म्हातारीचा मान, असं मी समजून बसले होते. पोरीची सातवी एका मालिकेपायी अडली होती. मालिकेतली सून घराबाहेर पडते का नाही हे बघता यावं म्हणून मला घराबाहेर पडू देत नव्हते. मला राग आला नाही, हसू आलं. मग राग आला.

रात्री नवऱ्याला सांगितलं. त्यानं “बघू” म्हणायला तोंड उघडलं. मी म्हणाले, “तुमी नका बघू. तुमी पहार आणून ठेवा.”

अँटेनाची चपटी वायर पत्र्याच्या फटीतून आमच्या स्वयंपाकघरात उतरायची आणि कुडावरून पलीकडं टीव्हीला जायची. ज्वारीच्या कोठीच्या वर ती एकदा तुटली होती. नवऱ्यानं नुसता पीळ घालून जोडली होती. त्या गुरुवारी मी कोठीवर चढून बसले. पलीकडं गल्ली जमली, मालिकेचा बाजा सुरू झाला. मी पीळ सोडला आणि दोन टोकं दोन हातात धरली.

पलीकडं खरखर सुरू झाली.

“गेलं!” दोन-चार जण एकदम ओरडले.

दीर म्हणाला, “वैनी, पत्र्यावर मांजर हाय का बघा.”

“मांजर न्हाई. मीच हाय. वायर माझ्या हातात हाय.”

 मग मधलं दार ढकलून दीर आला. कोठीवर बसलेली भावजय बघून तो म्हणाला, “जोडा वैनी, काय मस्करी लावली?”

“अँटेना माझ्या छपरावरची. ठोकलेली. कागद दाखवू का?”

मागून जाऊ आली. “जाऊबाई, माणसं बसलीत बाहेर. शोभतं का हे?”

“मी चार-चार दिवस आत बसते ते शोभतं का?”

मग सासू आली. गुडघे दुखत असून लगबगीनं आली. “अगं पोरी, आज ती निघणार हाय! मागच्या खेपंला ट्रंक उंबऱ्याभाईर ठेवली तिनं. जोड लवकर.”

“आत्याबाई, तुमी उद्या मागच्या मावशीकडं जाऊन वाट मागा. मंग जोडते.”

“उद्या जाते. आता जोड.”

“देवाची शपथ घ्या.”

“देव तिकडं हायेत,” सासू म्हणाली आणि पुढच्या खोलीकडं हात केला. मग माझ्याकडं बारीक डोळे करून बघितलं. म्हातारी वेडी नव्हती. “तुला कळलं तर. बरं. जाते. पण मधलं दार बुजवायचं न्हाई. कागदावर काही का असंना. मी जिती हाय तवर न्हाई अन् मेल्यावर बी न्हाई.”

मी जावेकडं बघितलं, जाऊ दिराकडं. दीर म्हणाला, “बराबर हाय. कुणाला तकलीफ न्हाई.” त्यांची वायर वाचत होती.

“न्हाई बुजवत,” मी म्हणाले. तेव्हा मला वाटलं, स्वस्तात सुटले.

मी पीळ घातला. पलीकडं चित्र आलं तेव्हा सूनबाई ट्रंकेवर बसून रडत होती आणि बाजेवरचा सासरा शिंकत होता. मधलं काय झालं ते कुणालाच कळलं नाही. त्याबद्दल गल्लीनं मला आठवडाभर नावं ठेवली.

दुसऱ्या दिवशी सासू गेली. मी तिचा हात धरला होता. पुढच्या दारानं निघून, गल्लीला वळसा घालून आम्ही विधवेच्या अंगणात पोचलो. ती शेळीची धार काढत होती. उठली नाही. सासू उभी. एक करडू तिच्या पदराचं टोक चघळायला लागलं, तरी तिनं ओढून घेतलं नाही.

“पुढून आलीस?” विधवेनं खाली बघतच विचारलं. “कुणी अडवलं न्हाई?”

सासूनं चुकलं असं म्हटलं नाही. तिला तो शब्द येत नव्हता. ती म्हणाली, “गुरुवारी येत जा टीव्ही बघायला.”

“पुढून?”

“पुढून ये. कोण काय म्हणतं बघते मी.”

विधवेनं दुधाचं भांडं बाजूला ठेवलं, हात पदराला पुसले आणि पहिल्यांदा वर बघितलं. “पुढून कशाला? तू मागून ये म्हणली होतीस ना? मी मागून येईन. होऊ दे दार. हिच्या घरातून येईन, हिच्या घरातून जाईन. अन् मागल्या गल्लीतल्या बाया बी येतेल माझ्यासंगं. चालतं का?”

“चालतं,” सासू म्हणाली. मला कुणी विचारलं नाही.

रविवारी नवऱ्यानं पहार घातली. मातीची भिंत, पण जुनी, दुपारपर्यंत पुरली. चौकट नव्हती, फळी नव्हती. त्यानं बाजारातून आणलेलं बारदान वरून खिळ्यांनी लटकवलं. उजेड आत आला तेव्हा मला स्वयंपाकघराच्या कोपऱ्यातली जळमटं दिसली. चौदा वर्षं मी तिथं भाकरी थापली होती, मला ती कधी दिसली नव्हती.

पहिल्या पेपरच्या दिवशी पोरगी बाजूलाच बसलेली होती. तिनं वेणी घातली, पुठ्ठा काखेत धरला, बारदान उचललं आणि शेळ्यांमधून गेली. विधवा ओरडली, “फाटक लाव गं, नाहीतर शेळ्या सुटतील!” पोरीनं फाटक लावलं. मागं वळून बघितलं नाही. बघावं असं मलाही वाटलं नाही, उशीर झाला असता.

ती सातवी पास झाली. सेनगावला गेली, दहावी झाली, मग लग्न झालं. माहेरी येते तेव्हा मागूनच येते.

आणि दर गुरुवारी, सूर्य मावळायच्या सुमारास, बारदान उचलून विधवा आत यायची. तिच्यामागं मागल्या गल्लीतल्या सात-आठ बायका, त्यांची लेकरं. चुलीजवळून, माझ्या पिठाच्या परातीवरून पाय टाकत, मधल्या दारातून पुढं. पुढच्या खोलीत जागा पुरेना, म्हणून त्या मधल्या दारातच बसायला लागल्या, आणि मग माझ्याकडूनही मला टीव्ही दिसेनासा झाला. शिवाय विधवेच्या मागोमाग शेळ्या यायच्या. फाटक ती लावायची, पण घराला तर बारदानच होतं. पहिल्याच गुरुवारी एका शेळीनं कोठीजवळचं निम्मं सूप ज्वारी खाल्लं. तेव्हापासून मी त्या अर्ध्या तासात काठी घेऊन मागच्या दारात बसायची, तोंड अंगणाकडं, पाठ टीव्हीकडं.

पुढं फळी बसवली, कडी लावली. दोन हजार सालानंतर जावेकडं रंगीत टीव्ही आला आणि त्याला डिशची छत्री लागली. तिला अँटेना नको झाली. माझ्या छपरावर पाइप आहे, त्याला दोरी बांधून मी लुगडी वाळत घालते. सासू गेली, तरी मधलं दार बुजवलं नाही. शब्द दिला होता. विधवा म्हातारी झाली, तरी यायची. मालिका बदलत गेल्या. माझ्या घरातून वाट तीच.

ती पहिली मालिका संपली तो गुरुवार मला आठवतो. बाजा वाजला, आणि आत एकदम गलका झाला. सूनबाई ट्रंक घेऊन उंबरा ओलांडून गल्लीत उतरली होती आणि तिथंच चित्र थांबलं होतं. ती गेली का परत आली, यावर भांडण लागलं. दीर म्हणाला, “येणार परत, दूध हाय गॅसवर.” जाऊ म्हणाली, “गेली, गेली, मी पाय बघितला भाईर.” सासू म्हणाली, “जाईल कुठं? माहेरी तरी कोण हाय तिला.”

विधवा बाहेर निघताना माझ्याजवळ थांबली. “सूनबाई, तू सांग. तुला काय वाटतं? गेली का ती?”

“मला काय इचारता मावशी,” मी म्हणाले. “मी दारात होते. शेळ्या हाकत.”